खार नको, एवढंच लिहिलंय

आधी इंजिन धुवायची पद्धत सांगते, म्हणजे ज्याला तेवढीच हवी आहे त्याला पुढचं वाचायची गरज नाही. ईशान, तुझ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडून तू जो फोटो पाठवलास, त्यातला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, ॲल्युमिनियमचा दिसतो. खात्री नसेल तर बाहेरच्या अंगाला लोहचुंबक लावून बघ, चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम. सिलिंडरच्या आतल्या नळ्या लोखंडी असतात, तिथे ते चिकटेल, त्याने फसू नकोस. काम मोकळ्या हवेत करायचं, जवळ विस्तव नको, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा. जुनं तेल आणि काजळी रॉकेलने भिजवून मऊ ब्रशने काढायची. चिकटून बसलेलं गॅस्केट, म्हणजे जोडावरची गळती रोखणारं अस्तर, खरवडायला लोखंडी पातं घ्यायचं नाही, लाकडाची किंवा प्लास्टिकची चपटी पट्टी घ्यायची, कारण ॲल्युमिनियमवर आज पडलेला ओरखडा म्हणजे उद्याची गळती. मग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवायचं, स्वच्छ पाण्याने दोनदा विसळायचं, तेलाच्या बारीक वाटा हवेच्या झोताने मोकळ्या करायच्या, लगेच वाळवायचं आणि आतल्या नळ्यांना तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. बाजारचा कुठलाही क्लीनर घेतलास तर तो ॲल्युमिनियमला चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय झाकण उघडू नकोस. आणि कॉस्टिक सोडा, मग तो कुठल्याही नावाने आणि कितीही सुंदर बाटलीत येवो, त्या ब्लॉकच्या वाऱ्यालाही ठेवायचा नाही.

ही पद्धत आमच्या घरात एका माणसाच्या बदल्यात आली. मी ती गोष्ट इतकी वर्षं नीट घडी घालून ठेवली होती, बाकी सगळं ठेवते तशीच. आता तूच विचारलंस, म्हणून काढते.

अकोल्याला, दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाव संपतं तिथे बाबांचं वर्कशॉप होतं आणि त्याच्या मागे, मधे एक अंगण सोडून, आमचं घर. बाबा शेतकरी घरातले. भावांमध्ये काळी जमीन वाटली गेली तेव्हा आपला वाटा त्यांनी थोरल्या काकांना कसायला दिला आणि स्वतः यंत्रं धरली. विहिरीवरची ऑइल इंजिनं, ट्रॅक्टर, जुन्या जीप, जे काही तेलावर चालतं आणि बंद पडतं ते सगळं आमच्या दारात येई. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. व्हॉल्व्ह घासण्याची कुरकुर सुरू झाली की आई चहा ठेवायची, ऐरणीवरचा हातोडा थांबला की ताटं घ्यायची, आणि दुरुस्त झालेलं इंजिन अंगणात पहिल्यांदा टुकटुकायला लागलं की हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची, जणू शेजारणीला मूल झालं आहे. आमच्या कपड्यांना, उशांना, माझ्या शाळेच्या वह्यांनासुद्धा रॉकेलचा वास असे. शाळेत ख्रिस्ती सिस्टर मला वर्गात खिडकीपाशी बसवायच्या. त्या कारण सांगत नसत.

तुम्हा दोघा भावंडांना, तुला आणि मीराला, पाण्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पाण्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आमच्याकडे खारपाण पट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारं, प्यायचं सोडा, पिकालाही चालत नाही. आमच्या वर्कशॉपची विहीर तसल्याच पाण्याची. त्या पाण्यात तुरीची डाळ दोन तास उकळली तरी दाण्याचा दाणा राहते, साबणाला फेस येत नाही आणि तांब्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. त्या थरालाही आम्ही खारच म्हणायचो. गोडं पाणी नगरपालिकेच्या नळाला पाच-सहा दिवसांनी यायचं. ते आई दोन मोठ्या गुंडांमध्ये, म्हणजे हंड्यांमध्ये, भरून ठेवायची आणि फक्त वरण, चहा आणि पिण्यासाठी काढायची. एकदा मी त्यातलं तांब्याभर पाणी केस धुवायला घेतलं, तर तिने मला मारलं नाही, ती दिवसभर बोलली नाही. तुमच्याकडच्या नळाखाली मी अजूनही भांडं भरून होताच हात पुढे करते, ते तुम्हाला विचित्र वाटतं, मला माहीत आहे.

वर्कशॉप बाबांचं होतं, पण मिस्त्री हबीबचाचा. मी जन्मले तेव्हा तो आमच्याकडे कामाला लागून दोन वर्षं झाली होती, असं तो स्वतःच सांगे, म्हणजे मी त्याला ज्युनियर. उंच, सडपातळ, डाव्या कानाने जरा कमी ऐकू येणारा. इंजिनाचा आवाज ऐकायचा असला की तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ उजव्या कानाला धरायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग सांगायचा, तिसऱ्या नंबरची बेअरिंग. उघडल्यावर तिसऱ्या नंबरचीच निघायची. त्याला अक्षरओळख नव्हती. सुट्या भागांच्या खोक्यांवर त्याने खडूने आपली चित्रं काढून ठेवली होती, मासा म्हणजे पिस्टन रिंगा, चूल म्हणजे गॅस्केट. बाबांना तो भाऊ म्हणे, मला बेबी. मी कॉन्व्हेंटात जायला लागले तेव्हा तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या बेबीले साहेबाची भाषा येते, उद्या ती इंजिनाशी इंग्रजीत बोलन अन् इंजिन लाजून चालू होईन. गिऱ्हाइकं हसायची. मलाही आवडायचं.

मग कापसाची वाईट वर्षं आली. एका वर्षी पाऊस नाही, दुसऱ्या वर्षी बोंडअळी, तिसऱ्या वर्षी दोन्ही बरं होतं तर भाव नाही. वर्तमानपत्रांत काय छापून येत होतं ते तुम्ही कुठेही वाचू शकाल. मी आमच्या अंगणातून दिसलं तेवढंच सांगते. पूर्वी पेरणीच्या आधी इंजिनांची रांग लागायची. आता बैलगाडीतून इंजिन यायचं, पण उतरवणारा माणूस ते कधी चालू होईल हे विचारत नसे, भंगारवाला काय भावाने घेईल हे विचारायचा. हबीबचाचाने वर्षापूर्वी जीव लावून दुरुस्त केलेली इंजिनं परत यायची ती अशी. तो त्यांच्याकडे पाठ करून बसायचा. बाबांनी आधी वेल्डरला नाही म्हटलं, मग फिटरला. शेवटी वर्कशॉपमध्ये बाबा आणि हबीबचाचा दोघंच उरले, आणि दोघांना पुरेल एवढंही काम नव्हतं. आमच्या ताटात वरणाच्या जागी कढी, मग नुसता ठेचा आणि भाकरी आली. आई ते चवीने खा म्हणून वाढायची.

मी त्या वर्षी बी.ए. झाले होते. इंग्रजी घेऊन एम.ए. करायला मला अमरावतीला विद्यापीठात जायचं होतं. तिथे मुलींचं वसतिगृह होतं आणि ग्रंथालयात एक मोठी खिडकी होती, ती मी एकदा बघून आले होते. घरात त्यावरून रोज कुजबूज चाले. माझा मामा मोर्शीचा, संत्र्याच्या बागेवाला, तो महिन्यातून एकदा संत्र्यांची टोपली आणि एक स्थळ घेऊन यायचा. एकदा तो बाबांना माझ्यादेखत म्हणाला की इंग्रजी शिकवून पोरगी घरात ठेवली, त्या इंग्रजीनं आजवर एक तरी नट फिरला काय? बाबांनी टोपलीतलं एक संत्रं उचललं आणि सोलायला घेतलं. मला कळलं की माझ्या इंग्रजीने एकदा तरी घराच्या उपयोगी पडायला हवं, नाहीतर अमरावती संपली.

त्याच महिन्यात ती गाडी आली. मालक कीटकनाशकं आणि बियाण्यांचे मोठे दुकानदार. त्या वर्षांत गावात नवी गाडी घेणारे तेच एक होते. गाडी नव्या बनावटीची, अकोल्यात तशा दोन-तीनच. ड्रायव्हरने वर्षभर रेडिएटरमध्ये जिथे मिळेल तिथलं विहिरीचं पाणी ओतलं होतं. इंजिनाच्या पोटात पाण्याच्या वाटांमध्ये खाराचा थर बसला, इंजिन तापलं, गॅस्केट उडालं. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नागपूरला ओढत न्यायची की इथेच उघडायची असा प्रश्न होता. बाबा म्हणाले, इथेच. हे एक काम नीट झालं असतं तर त्या दुकानदाराच्या ओळखीतल्या सगळ्या गाड्या आमच्याकडे आल्या असत्या, आणि ऑइल इंजिनांची वाट बघत बसायचे दिवस संपले असते. त्या रात्री ताटात पुन्हा वरण होतं.

हबीबचाचाने इंजिन उघडलं. ब्लॉक हलका होता. त्याने तो एकट्याने उचलला, पुन्हा खाली ठेवला, नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाला, हे तर गंज आहे, भाऊ. आमच्याकडे, नवख्यांसाठी सांगते, जेवण शिजवायच्या मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात, आणि त्याच्या घरचा गंज ॲल्युमिनियमचा होता. तोवर त्याच्या हाताखालून गेलेला प्रत्येक ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता. बिडाचा ब्लॉक धुवायची आमची रीत एकच होती. अंगणाच्या कोपऱ्यात एक लोखंडी टाकी होती, खाली लाकडं लावायची, पाण्यात कॉस्टिक सोडा टाकायचा, त्यात ब्लॉक रात्रभर उकळायचा. सकाळी तो नव्यासारखा बाहेर यायचा. जिल्ह्यातलं प्रत्येक वर्कशॉप तसंच करायचं आणि चुकीचं काही नव्हतं, बिडाला कॉस्टिक काही करत नाही.

गाडीबरोबर मालकाकडे दुरुस्तीचं जाड इंग्रजी पुस्तक होतं. बाबांनी ते मागवून घेतलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी हात धुऊन बसले. सफाईचं पान शोधलं, पेन्सिलीने खुणा केल्या, वहीत मुद्दे काढले. एका ओळीत लिहिलं होतं की ॲल्युमिनियमच्या भागांवर अल्कलाइन द्रावणं वापरू नयेत. शब्दकोशात अल्कलाइनला क्षारयुक्त असा शब्द होता. मी वर्कशॉपमध्ये गेले, उभ्यानेच वाचत गेले, आणि त्या ओळीपाशी आले तेव्हा क्षारयुक्त हा शब्द हबीबचाचाला कळणार नाही असं मला वाटलं. म्हणून मी तो त्याच्यासाठी सोपा केला. म्हटलं, खार वापरायचा नाही.

ईशान, मीरा, मी हे मराठीत लिहिते आहे आणि तुमची आई, माझी लेक, तुम्हाला वाचून समजावणार आहे. तिला माझा निरोप सांगा, कुठलाही शब्द तुमच्यासाठी सोपा करू नकोस.

कारण त्याला खार शब्द माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. त्याचा जन्म खाऱ्या पाण्यात गेला होता. समोरच्या ब्लॉकच्या पोटात पांढरा खार बसलेला त्याला दिसत होता, आणि पुस्तक म्हणत होतं, याला खार लावू नका. यात न कळण्यासारखं काय होतं? खाऱ्या पाण्यानं बिघडलं, आता खाऱ्या पाण्यात धुऊ नका. साहेबाचं पुस्तक शहाणं आहे, असं तो बाबांना म्हणाला. आमच्या विहिरीचं पाणी टाकीत घालायचं नाही, हे त्याने पक्कं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोहल्ल्यात नळ आला होता. दुपारी तो हातगाडी ढकलत आला, गाडीवर गोड्या पाण्याचे दोन ड्रम. त्याच्या घरचं पाच दिवसांचं पाणी. आई दारातून बघत होती, ती म्हणाली, अहो, भाभी काय पितील? तो म्हणाला, शेजारी लय आहेत.

मी तेव्हा ओसरीवर पुस्तक वाचत बसले होते, गाडीचं नव्हे, माझं. एम.ए.च्या यादीतली एक इंग्रजी कादंबरी, चारशे पानांची, आणि मी शेवटाजवळ आले होते. हबीबचाचा पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. पायऱ्या तो कधी चढत नसे.

"बेबी, सोडा चालन ना? त्या पुस्तकात सोड्याचं काही लिहिलं आहे काय, एकडाव पाह्य बरं."

मी मान वर केली नाही. ते मला स्पष्ट आठवतं, कारण त्याचा चेहरा आठवत नाही, फक्त पायरीखालचे त्याचे पाय आठवतात, ओले, हातगाडीवरून सांडलेल्या पाण्याने.

"सोड्याचं काही नाही. खार नको, एवढंच लिहिलंय."

तो बरं म्हणाला आणि गेला. मी पान उलटलं. मी दहावीला विज्ञानात बक्षीस मिळवलेली मुलगी. कॉस्टिक सोडा हा अल्कली आहे हे मी इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवलं असतं. पण शाळेतला सोडा एका भाषेत राहत होता आणि अंगणातला दुसऱ्या, आणि दोघांची कधी गाठ पडलेली नव्हती. ती गाठ घालणं हेच माझं काम होतं. तेवढ्यासाठीच मला तिथे बसवलं होतं.

संध्याकाळी टाकीखालचा विस्तव पेटला. पाणी चांगलं तापल्यावर हबीबचाचाने सोडा टाकला आणि साखळीला बांधलेला ब्लॉक आत सोडला. मी आईबरोबर अंगणात ज्वारी पाखडत होते. आधी एक सळसळ ऐकू आली, तेलात ओली मिरची पडावी तशी. मग ती थांबेचना. टाकी दुधासारखी उतू जायला लागली, करडा फेस काठावरून खाली आला, विस्तवापर्यंत पोचला आणि फेसावरून एक फिकट निळी ज्योत भप्पकन धावत गेली. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं तेव्हा जो वायू सुटतो तो पेट घेतो, हे मी नंतर वाचलं. बाबा ओरडत आले. हबीबचाचा मागे सरायच्या ऐवजी पुढे झाला आणि साखळी ओढू लागला. ब्लॉक बाहेर आला तोवर फेस त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत गेला होता. आईने आमचा गोड्या पाण्याचा एक गुंड उचलला आणि त्याच्या हातावर ओतला, मग दुसरा. तिने एवढं पाणी एकदम ओतलेलं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ब्लॉक जमिनीवर पडून अजून चरचरत होता. तो काळा झाला होता. ज्या गुळगुळीत कडांवर गॅस्केट बसतं त्या मुंग्यांनी खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या. मला फेस पाहताक्षणी सगळं कळलं होतं. सोडा, अल्कली, अल्कलाइन. पाखडायचं सूप माझ्या हातात तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोर्शीचा मामा आला. त्याला कसं कळलं कोण जाणे, की तो त्याच्या नेहमीच्या फेरीला आला होता. वर्कशॉपमध्ये बाबा स्टुलावर बसले होते, मामा दारात, आणि हबीबचाचा हाताला फडकं गुंडाळून ब्लॉकपाशी उकिडवा. बाबांनी मला बोलावलं आणि पुस्तकात काय होतं ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी पान काढलं आणि ती ओळ आधी इंग्रजीत वाचली, हळूहळू, चांगले उच्चार करत. मग म्हटलं की अल्कलाइन म्हणजे क्षार, खार. कॉस्टिक हा खारच असतो. मी खार वापरू नका म्हणून सांगितलं होतं. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मामा म्हणाला, पोरीनं तं बरोबर सांगतलं होतं. मला तो मामा आवडत नसे, आणि त्या क्षणी मला त्याचं बोलणं गोड लागलं.

बाबा हबीबचाचाकडे वळले. आवाज चढवला नाही.

"तुले समजलं नव्हतं तं तू पोरीले विचारलं काहून नाही, हबीब?"

हबीबचाचाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं इंजिन बंद केल्यावर ते पूर्ण थांबेपर्यंत तो जसा वाट बघायचा, तसा तो बघत राहिला. मी बोलेन म्हणून तो थांबला होता. अंगणात आई भांडी घासत होती, तिचा आवाज येत होता. मला एवढंच म्हणायचं होतं की त्यांनी विचारलं होतं, बाबा. चार शब्द. आणि माझ्या डोक्यात त्या वेळी अमरावतीच्या ग्रंथालयाची खिडकी होती, आणि दारात मामा उभा होता.

मी पुस्तक मिटलं.

हबीबचाचा उठला. बाबा त्याला म्हणाले की हात बरा होईपर्यंत येऊ नको. हात बरा झाला तरी त्यांनी त्याला बोलावणं धाडलं नाही. आठवडाभराने तो आपली हत्यारं न्यायला आला, पायऱ्यांपाशी आईशी दोन शब्द बोलला आणि गेला. मी आत होते. खोक्यांवरचे मासे आणि चुली तशाच राहिल्या. पुढे बाबांना कुठलंच खोकं पटकन सापडेना, तेव्हा एका दुपारी मी सगळ्या चित्रांवर ओल्या फडक्याने हात फिरवून इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवल्या.

बाबांनी सिलिंडर तासायचं बोअरिंगचं मशीन विकून नागपूरहून दुसरा ब्लॉक आणला. तो आम्ही दोघांनी धुतला. मी एकेक ओळ वाचायची, शब्दकोश मांडीवर, आणि बाबा करायचे, रॉकेल, मऊ ब्रश, लाकडी पट्टी, कोमट पाणी, साबण. सुरुवातीला लिहिली ती पद्धत तिथली आहे. गाडी चालू झाली. मालकाने पुन्हा कधी काम पाठवलं नाही. पण बाबा आलेल्यागेलेल्याला सांगू लागले की माझ्या पोरीनं पुस्तक वाचून इंजिन वाचवलं. मामानेही ते मोर्शीत सांगितलं. जूनमध्ये मी अमरावतीला गेले. खिडकी होती तिथेच होती. तिच्याखाली बसून मी दोन वर्षांत पहिला वर्ग मिळवला, हे तुम्हाला माहीत आहे, त्याचं प्रमाणपत्र तुमच्या आईने फ्रेम करून लावलं आहे.

एम.ए. झाल्यावर मी अमरावतीलाच एका कॉलेजात शिकवू लागले. तिथे एका सहकारी बाईंकडून सहज कळलं की वलगावला एक हबीब मिस्त्री फवारणीचे पंप दुरुस्त करतो, अकोल्याकडचा आहे. एका रविवारी मी ऑटोने गेले. बियाण्यांच्या एका दुकानाबाहेर ताडपत्रीची सावली होती, तिच्याखाली पाठीवर घ्यायच्या पंपांचा ढीग आणि मधे तो. दाढी पांढरी झाली होती. उजव्या हातावर कोपरापर्यंत कातडी गुलाबी आणि तुकतुकीत. त्याने मला लगेच ओळखलं, बेबी म्हणाला, खोकं पुसून बसायला दिलं, आईची तब्येत विचारली. चहा मागवला. मी विचारलं, पंप कशाला, इंजिनं सोडली का? तो हसला. म्हणाला की अकोल्यात दोन ठिकाणी गेलो, मूर्तिजापूरला गेलो, पण माझ्या आधी गोष्ट पोचत होती. ज्यानं पुस्तकात नको लिहिलेलं असून गाडी टाकीत उकळली, तोच हा. इंजिनाले कोणी हात लावू देईना. पंपाले काय, पंप कोणीही खोलते.

मी ठरवून आले होते ते बोलले. एकेक शब्द मनात रचून आणला होता आणि तसाच बोलले. तुम्ही विचारलं होतं, मी सांगितलं नाही, मला शिकायला जायचं होतं. तो हातातला पंप फिरवत ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने डावा कान माझ्याकडून वळवून उजवा केला, म्हणजे आधीचं त्याला किती ऐकू आलं होतं कोण जाणे. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मोठ्याने. दुकानातली दोन माणसं बघायला लागली.

"तुझ्या बाबाले एक माणूस कमी करायचाच होता, बेबी," तो म्हणाला. "दिवाळीपासून त्याच्या तोंडावर दिसून राहिलं होतं. पण इतक्या वर्साच्या माणसाले जाय म्हणाची हिंमत नव्हती त्याची. कारण भेटलं त्याले."

मला वाटलं, तो मला सोडवतो आहे. मी मान खाली घालून बसले होते, आणि मला हलकं वाटू लागलं होतं, हे मी लपवणार नाही. चहाचा रिकामा ग्लास मी खाली ठेवला.

"तू खरं बोलली असती तरी मी गेलोच असतो," तो म्हणाला. "पण मिस्त्री म्हणून गेलो असतो."

एक शेतकरी पंप घेऊन आला होता. हबीबचाचाने तो घेतला, नळीत फुंकर मारून पाहिली आणि काय बिघडलं म्हणून त्याला विचारू लागला. मी उठले. रस्ता ओलांडून ऑटोची वाट बघत उभी राहिले तेव्हाही ते दोघं त्या पंपाबद्दलच बोलत होते.